कॅसेटमधली रिकामी जागा

मी एक जुना कॅसेट लावायचा रेडिओ आहे. राहणार निशी-कसाई, तोक्यो. मित्रांनो, २०११च्या भूकंपानंतर दुकानांतले बॅटरीवर चालणारे रेडिओ संपले. उरलो फक्त मी, कारण माझा रंग कोणालाच आवडला नव्हता. नुपूर आणि सुशांत या जोडप्याने मला अक्षरशः मिठी मारून घरी आणले. आठवडाभर दोघे माझ्याभोवती बसून बातम्या ऐकत. पुढे धरणी शांत झाली आणि मी बिस्किटांसोबत आपत्कालीन पिशवीत गेलो. मुदत संपली की बिस्किटे बदलत. मला कोणी बदलले नाही, हा मी सन्मान समजलो.

शेवटी एकदा सुशांतने माझ्या पोटावर मोठ्या कचऱ्याचे स्टिकर चिकटवले. जपानात टाकून देण्यालाही शिस्त असते. मी दारात, चपलांशेजारी, कचऱ्याच्या गाडीची वाट बघत बसलो.

त्याच दिवशी कॅनडाहून लोरेटा आल्या. नुपूर विद्यापीठात भाषांचा अभ्यास करते. लोरेटा त्यांच्या गावच्या शाळेत ब्लॅकफूट शिकवतात. ती त्यांच्या आदिवासी पूर्वजांची भाषा. आता ती अस्खलित बोलणारी बहुतेक मंडळी म्हातारी. बूट काढता काढता त्यांना मी दिसलो.

"हा चालतो?"

"चालतो की," सुशांत म्हणाला. "उद्यापर्यंत."

लोरेटांनी पर्समधून एक कॅसेट काढली. तीत त्यांची दिवंगत आजी नातवंडांशी ब्लॅकफूटमध्ये बोलत होती. दुसरी प्रत नव्हती. शाळेतल्या मुलांना रंगांची, प्राण्यांची नावे पाठ होती. पण ब्लॅकफूटमध्ये गप्पा मारायला घरी कोणी नव्हते. म्हणून आजी हवी होती.

मी आजी वाजवली, नुपूरने ती कॉम्प्युटरवर उतरवली. मग, पाहुणीला खूश करावे म्हणून, तिने मधल्या रिकाम्या जागा कापून टाकल्या आणि मूळ फाइल पुसलीसुद्धा.

लोरेटांनी ऐकले.

"ही माझी आजी नाही. हिला कसली घाई आहे?"

"मी फक्त रिकामं होतं तेवढं काढलं हो, लोरेटाताई."

"रिकामं नव्हतं. आजी प्रश्न विचारून थांबायची. आम्ही लाजून गप्प बसायचो. मग ती हसायची."

कॅसेट पुन्हा वाजवणे भाग होते. फीत जीर्ण, आणि मला फीत चावायची सवय. सुशांत मला दटावून म्हणाला, "स्टिकर लावलेलंच आहे, लक्षात ठेव." मित्रांनो, इतका सज्जन मी जन्मात वागलो नव्हतो. आजी शेवटपर्यंत बोलली, थांबली, हसली.

महिन्याभराने लोरेटांनी व्हिडिओ कॉलवर त्यांचा वर्ग दाखवला. आजीने विचारले. थांबली. एका मुलीने ब्लॅकफूटमध्ये, अडखळत का होईना, उत्तर दिले. आणि नेमकी तेव्हाच आजी हसली. वर्गात एकच कल्ला झाला. मुलीला वाटले, आजी तिलाच हसली. माझे विचाराल तर तिलाच.

मी आता शेल्फवर असतो, स्टिकरसकट. नुपूरची पूर्वी नावाची लेक हल्ली जपानीतच उत्तर देते. आधी नुपूर, "शाळेत काय झालं? मजा आली ना?" असे स्वतःच विचारून स्वतःच उत्तर देऊन मोकळी व्हायची. आता विचारते आणि थांबते. काल इतकी थांबली, की आमटी करपली.

"आई," शेवटी पूर्वी मराठीत म्हणाली, "जळतंय काहीतरी."

मित्रांनो, जुन्या यंत्रांवरची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि घरात कोणी विचारून थांबले, तर त्यांना फार वेळ थांबवू नका. आमटीचा प्रश्न आहे.