अक्रोडाखालचे पिंप

मित्रांनो, मी एक जुने लाकडी पिंप आहे, आणि मला घाई आहे. एरवी माझ्यासारख्या म्हाताऱ्याने आपली कहाणी सावकाश सांगायची असते. पण आज ल्युबिंका इस्पितळातून घरी येणार आहे. तिची खुर्ची माझ्या शेजारीच मांडून ठेवली आहे, आणि माझ्या पोटात काय वळवळते आहे ते मला एकट्यालाच ठाऊक आहे.

सर्बियातल्या टिसा नदीकाठच्या या गावात मी घडलो. ओकच्या फळ्या विस्तवावर वाकवून आणि त्यांवर लोखंडी कड्या ठोकून एका कारागिराने मला उभे केले. स्वेतोझारच्या वडिलांनी मला विकत घेतले. दर वर्षी पिकलेले आलुबुखार माझ्यात आंबत पडायचे आणि मग त्यांची राकिया, म्हणजे आमच्याकडची कडक दारू, गाळली जायची. स्वेतोझारच्या लग्नात ती पिऊन पाहुणे माझ्या पाठीवर थापा मारत होते. नवी नवरी ल्युबिंका तर माझ्याशेजारी उभी राहून हसत होती. ते माझे वैभवाचे दिवस होते.

मग निळी प्लास्टिकची पिंपे आली. हलकी, धुवायला सोपी. मी कोठारात कोरडा पडलो आणि माझ्या फळ्यांना फटी पडल्या. बरीच वर्षे माझी कुणी विचारपूस केली नाही. पुढे स्वेतोझारने मधमाश्या पाळायला घेतल्या आणि त्याला माझी आठवण झाली. त्याने मला अंगणातल्या अक्रोडाखाली, पन्हळीच्या तोंडाशी आणून ठेवले. पावसाच्या पाण्याने फळ्या फुगल्या, फटी मिटल्या. मधमाश्या माझे पाणी प्यायला येत; त्या बुडू नयेत म्हणून तो पाण्यावर गवताच्या काड्या आणि बाटल्यांची बुचे सोडायचा. माझे झाकण त्याने एका ओंडक्यावर ठोकून कॉफीचे टेबल केले. मला वाईट वाटले नाही. पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडतो आहे, याचाच आनंद मोठा होता.

आता डासांचे सांगतो. आमच्याकडे वसंतात टिसा फुगते, कुरणांत पाणी शिरते, आणि ते ओसरता ओसरता नदीचे डास थव्यांनी उठतात. भर दिवसा तोडून खातात. मग फवारणीचे विमान येते. आदल्या दिवशी रेडिओवर सांगतात, की मधमाश्यावाल्यांनो, पेट्या बंद करा. त्या विमानाचा आवाज आला की स्वेतोझारच्या कपाळावर आठ्या पडतात.

यंदा मात्र बर्फ नावापुरताच पडला. टिसा काठ सोडून बाहेर आलीच नाही, आणि जूनपासून ऊन असे तापले की कुरणांना भेगा पडल्या. नदीचे डास जन्मलेच नाहीत. विमानही आले नाही. सगळा गाव संध्याकाळी उघड्या दंडांनी अंगणात बसू लागला.

"यंदा डासांनी संप पुकारलाय बघ," शेजारचा झिवान कॉफी पिता पिता म्हणाला. "का आपलं रक्तच गोड राहिलं नाही?"

"विमान नाही, विष नाही. माझ्या माश्यांचं वर्ष आहे हे," स्वेतोझार म्हणाला. "आणि अक्रोडाखाली डास येतोच कुठे? त्याच्या पानांचा वास सहन होत नाही त्याला."

आमच्याकडे सगळेच असे मानतात. म्हणून तर प्रत्येक अंगणात अक्रोड आहे आणि प्रत्येक अक्रोडाखाली बाक आहे.

मित्रांनो, मी आतल्या आत ओरडत होतो! कारण डासांची आणखी एक जात आहे. तिला पूर लागत नाही. तिला साचलेले, काडीकचऱ्याने कुजलेले थोडे पाणी पुरते. एखादी बादली, जुना टायर, नाहीतर मी. थंडाव्याच्या दिवसांत तिच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्यांना वाढायला कितीतरी वेळ लागतो. पण अशा उन्हाळ्यात आठवड्याभरात त्यांना पंख फुटतात. ओढे आटले म्हणून चिमण्या आणि कावळेही माझ्याच काठावर येऊ लागले. डास आधी पाखरांना चावत आणि मग माणसांना. पाखराच्या रक्तातला ताप तसाच माणसाच्या अंगात जातो. हे डास थव्याने येत नाहीत. अंधार पडू लागला की गुपचूप येऊन घोट्यावर बसतात.

एकदा ल्युबिंकाने माझ्यात डोकावून पाहिले.

"स्वेतोझार, अरे, पाण्यात काहीतरी वळवळतंय. शी! ओतून टाकू का?"

"खबरदार! माश्या एकदा एका पाण्याला सरावल्या की सरावल्या. ओतलंस तर जातील कुठल्यातरी घाणेरड्या तळ्यावर. वरून भर फक्त."

"माझ्यापेक्षा त्या माश्यांचीच काळजी तुला!"

"त्या कुरकुर करत नाहीत."

ती हसली. तिचे दोन्ही हात माझ्या काठावर होते. एक धक्का पुरला असता. मी होता नव्हता तेवढा जोर लावला, पण पिंपाला स्वतःहून कलंडता येत नाही. तिने माझ्यात आणखी एक बादली पाणी घातले आणि ती माझ्याच झाकणावर कॉफी प्यायला बसली.

ऑगस्ट संपता संपता तिला ताप भरला. मान वळेना. कप उचलायला गेली तर हात उचलेना, आणि कपाला काय म्हणतात तेही तिला आठवेना. इस्पितळाची गाडी येऊन तिला घेऊन गेली. स्वेतोझार तिच्याबरोबर शहरात राहिला. काही दिवसांनी झिवान कुंपणापाशी उभा राहून बायकोला सांगत होता, "डॉक्टर म्हणतात, डास चावला. आता बोल! यंदा गावात डास होता कुठे?"

मी इथे होतो. दोन पावलांवर. काठोकाठ भरलेला.

कारण झिवान भला माणूस आहे. स्वेतोझारने त्याला फोनवर म्हटले होते, "माश्यांचं पाणी तेवढं बघ." तेव्हापासून तो रोज सकाळी न चुकता बादली घेऊन येतो. "काळजी करू नकोस मित्रा, तुझं पिंप भरलेलं आहे," असे फोनवर सांगतो. त्याच्या प्रत्येक बादलीला माझा जीव घाबरा होतो. सप्टेंबर लागला तरी उकाडा हटत नाही. आता जे डास उडतील ते तळघरात शिरून हिवाळा काढतील आणि वसंतात पुन्हा बाहेर येतील.

मित्रांनो, तुमच्या घरामागेही माझा एखादा भाऊबंद उभा असेल. डास दिसत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका, त्याच्यात डोकावून बघा. मधमाश्यांसाठी उथळ ताटलीत खडे घालून रोज ताजे पाणी ठेवले तरी पुरते. आणि मला आडवे करा हो! मी वाळेन, फळ्या सुटतील, कड्या गळून पडतील. पुन्हा कधी पाणी धरणार नाही. मला चालेल.

फाटकाशी गाडी थांबली. स्वेतोझार आणि झिवान तिला दोन्हीकडून धरून आणत आहेत. केवढीशी झाली आहे ती! तिला खुर्चीत बसवले, गुडघ्यांवर चादर घातली. मावळतीचे ऊन अक्रोडाच्या शेंड्यावर गेले आहे.

तिने माझ्याकडे पाहिले. ओठ हलले, शब्द येईना. मग तिने मोठ्या कष्टाने हात उचलला आणि माझ्याकडे बोट केले. बोट खाली वळवले. पुन्हा वळवले.

"बघ, अजूनही हिला माझ्या माश्यांची काळजी!" म्हणताना स्वेतोझारचे डोळे भरून आले. "हो गं हो, बघतो. झिवान, बादली आण."

तिने मान हलवली. नाही, नाही.

झिवान बादली घेऊन निघालाच आहे. मित्रांनो, तुम्ही तरी सांगा त्यांना. ती ‘भर’ म्हणत नाही. ‘ओतून टाक’ म्हणते आहे.