उरलेली चकती

मित्रांनो, मी एक जुना, चावीवर चालणारा पत्र्याचा बेडूक आहे. पोटात स्प्रिंग आणि चार दातेरी चाकं, पाठीत चावी. कारखान्यातून माझ्यासारखे शेकडो एकाच दिवशी बाहेर पडले, त्यामुळे जन्माचं मला फारसं कौतुक नाही. मालकीण दहा वर्षांची असताना मी तिच्या हातून जिन्यावरून पडलो, आणि तिनंच मला उघडून दुरुस्त केलं. पुढे तिनं घड्याळदुरुस्तीचं दुकान काढलं, तिथं मला जागा मिळाली. तीन उड्या मारायच्या, डावीकडे कलंडायचं आणि थांबायचं. गिऱ्हाईकं म्हणत, "थकलाय बिचारा." मला काही वाटायचं नाही.

तिच्या घरातल्या मुलांना मात्र माझी धास्ती. सुट्टीत दुकानात बसून काम शिकायचं, तर आधी मला पूर्ण उघडायचं आणि पुन्हा बंद करायचं. एकही तुकडा उरता कामा नये. उरला, की सरळ घरी. किती जण आले! कुणी पाय उलटे बसवले, कुणी भोकाड पसरलं. दोघातिघांनी सगळं जिथल्या तिथं बसवलं. मी तीन उड्या मारल्या, कलंडलो. शाबासकी त्यांना.

या सुट्टीत मालकिणीची नऊ वर्षांची भाची आली. घरात तिला 'खुडबुडी' म्हणतात. काम शिकायला मिळावं म्हणून ती इतकी उतावीळ झाली होती, की जेवताना चमच्यानं हवेतच स्क्रू पिळायची.

दुपारभर तिनं माझी चाकं बोटानं फिरवली, कान लावून ऐकलं. मग मला बंद केलं. टेबलावर एक पितळी चकती उरली. तिनं ती मुठीत घेतली. फ्रॉकला खिसा होता, मित्रांनो.

"उरलं काही?" आत्यानं विचारलं.

मूठ घट्ट झाली. मग हळूच उघडली.

"ही उरली. पण आत्या, ही नकोच आहे गं! मोठ्या चाकाला घासते. बघ ना, एका बाजूनं झिजलीये."

"नियम म्हणजे नियम."

"बरं, जाते मी घरी." तिचा आवाज रडवेला झाला. "पण एकदा चावी तर दे त्याला!"

आत्यानं चावी दिली. चार, सात, अकरा उड्या, त्याही सरळ! टेबलाच्या कडेवर खुडबुडीनं झेललं म्हणून वाचलो.

आत्या बराच वेळ ती चकती भिंगातून पाहत राहिली.

"अगं, ही मीच घातली होती," ती म्हणाली. "पडल्यावर आत खुळखुळायला लागला होता ना, म्हणून. इतकी वर्षं पोरं माझी चूक मुकाट्यानं परत बसवत होती, आणि मी त्यांची पाठ थोपटत होते!" हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिनं खुर्ची ओढली. "बस इथं. माझ्या शेजारी."

मित्रांनो, खेळणी जपा असं सगळेच सांगतात. जपाच. पण कपाटात कोंडून नव्हे. त्यांच्या पोटात काय चाललंय ते बघा, आणि जे पटलं नाही ते मोठ्यांना तोंडावर सांगा. भीती वाटेल. खुडबुडीलाही वाटली होती. तिनं मला झेललं, तेव्हा तिचा तळहात घामानं ओला होता. पत्र्याला घाम चांगला नाही म्हणतात. असू दे.