रिलीव्हर

महेंद्र गायकवाडचे दोन्ही तळवे गेटच्या खांबावर टेकलेले होते आणि नाकाला नेमकी आत्ताच खाज सुटली होती. संध्याकाळचे सात वाजायला दहा मिनिटं होती.

खांबाच्या दोन्ही अंगांना निळा उजेड पसरला होता. हा उजेड म्हणजेच भिंत. दोन वर्षांपूर्वी आनंदनगर एमआयडीसीच्या डोक्यावर परग्रहावरचं जहाज येऊन लटकलं आणि आतल्या सम्राटाने पहिल्या झटक्यात अख्ख्या मोरिवली गावाला कुंपण घातलं. आत-बाहेर करायला हे एकच गेट.

सम्राटाला लोक 'वरचा' म्हणत. तो कधी खाली उतरला नाही, कारण त्याला एमआयडीसीचा वास सोसायचा नाही. म्हणून त्याने इथलीच माणसं हस्तक नेमली. या गेटावर दोघं, बारा-बारा तास. महेंद्र दिवसाचा, मोरिवलीचा जनू रात्रीचा. दोघांच्या मनगटांत कडी बसवलेली. तळवे खांबावर असेपर्यंत गेट उघडं. आणि कोणावर बोट रोखलं, की तो माणूस सांगाल ते करायचा. महेंद्रने ही शक्ती एकदाच वापरली. उल्हासनगर पाच नंबरला मीटरने यायला नाही म्हणणाऱ्या रिक्षावाल्यावर. नंतर त्याला चहाही पाजला.

कडी माणसाच्या नाडीवर चालायची. एकदा दिलेली शक्ती काढून घेता येत नाही, हे वरच्याला फार उशिरा कळलं.

कडं बोललं. वरचा मराठी शिकला होता सरकारी परिपत्रकांवरून.

"आपणांस पुनश्च कळविण्यात येते की, ठीक सात वाजता हात काढून घ्यावेत. तदनंतर सदर द्वार कायमस्वरूपी बंद होईल. कोणत्याही कड्याने उघडणार नाही."

"आणि आतली माणसं?"

"आतील इसम आतच राहतील."

"साहेब, मी बावीस वर्षं बॉयलरवर काढली. पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय ऑपरेटर जागा सोडत नाही."

"आपणांस रिलीव्हर मिळणार नाही."

"मग मी हायच इथं."

बोलून गेला खरा. मोरिवलीत त्याचं कोणी नव्हतं. घर भिंतीच्या बाहेर, पाच मिनिटांवर. हात काढायचे, घरी जायचं, जेवायचं. इतकं सोपं. गावातल्यांना सकाळपासून सांगून झालं होतं, बाहेर या. कोणी म्हशी सोडायला तयार नव्हतं, कोणी देव.

शालन पिशवी घेऊन आली. नवऱ्याचा चेहरा बघून तिने डबा तिथेच उघडला.

"अहो, आ करा."

"आधी नाक खाजव."

तिने खाजवलं. "किती वेळ उभं राहणार असं?"

"बघू."

"बघू काय? लघवीला लागली की?"

तिने भाकरीचा घास त्याच्या तोंडात कोंबला आणि तोंड फिरवून उभी राहिली.

सातला पाच कमी असताना जनू आला. तो गावातून नाही, जहाजाच्या बाजूने आला. वरच्याने बोलावून घेतलं असणार. चार पावलांवर थांबून त्याने महेंद्रवर बोट रोखलं.

"जनू, तुझी आई आत आहे ना रे?"

"हाय. कमळाबाई कुटं जातेय? मी सकाली बोललो, चल. तर बोलते, माजी वांगी कोन बघंल?"

"हस्तक क्रमांक दोन," दोघांच्या कड्यांतून एकदम आवाज आला, "त्यास हात काढण्यास सांगावे."

शालन मधे येऊन उभी राहिली. जनूने तिच्याकडे पाहिलं, महेंद्रकडे पाहिलं.

"मह्या, तुला म्हाईत हाय ना? आता मी हात लावला, तर तुला उद्या यावं लागंल. परवा बी. सुट्टी नाय. आजारी पडायचं नाय. मरायचं बी नाय."

"माहीत आहे."

"मग मला बी नाय."

"हो."

जनूने बोट खाली केलं. "चार्ज दे."

रिवाजाप्रमाणे महेंद्रने सांगितलं, "गेट चालू. आत सगळे ठीक. खांब उजवीकडून तापतो." जनूने एकेक तळवा त्याच्या तळव्याशेजारी टेकवला. मग महेंद्रने हात काढले. बोटं मिटेनात.

"आपल्या वर्तनाची गंभीर नोंद घेण्यात येत आहे," वरचा म्हणाला.

"घ्या," जनू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी महेंद्र सातच्या दहा मिनिटं आधी निघाला. बावीस वर्षांत आधीच्या पाळीच्या माणसाला त्याने कधी ताटकळत ठेवलं नव्हतं. गेटातून दूधवाला बाहेर पडत होता, पोरं शाळेला निघाली होती. जनू खांबाला टेकून उभा होता. पायजमा ओला होता. कोणी त्याकडे बघत नव्हतं.

महेंद्रने खांद्यावरचा टॉवेल त्याच्या कमरेला गुंडाळला. मग न विचारता त्याचं नाक खाजवलं, आणि हात खांबावर ठेवले.