तासवाल्याची बिनपगारी रजा

ठण्ण.

बाळ नुकतंच निजलं होतं, घर चिडीचूप होतं. हे उंबऱ्यावर बसून दाराची सावली बघत होते आणि पळीनं ताटावर ठोके देत होते. माझी शिवगंगा बोटांवर मोजत होती. आठ.

"अहो, बाळ उठंल ना!" मी पळी काढून घेतली. "आन् भाजी काय बोटानं ढवळू?"

"आठ वाजले," हे म्हणाले. "सभा नऊला हाय."

गावच्या बलदियेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीपुढं परातीएवढा पितळी तास टांगलेला आहे. तासातासाला त्यावर ठोके द्यायचे आणि आतल्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायची, हे यांचं काम. शिवगंगा मोजायला त्या ठोक्यांवरच शिकली. बारापर्यंतच येतं तिला. त्यापुढं गावात वाजतच नाही.

लढाईची महागाई आली तशी बलदियेची तिजोरी आटली. सालाचा मवाजना, म्हणजे जमाखर्चाचा अंदाज, मंजूर होईस्तोवर यांना आणि झाडूवाल्या गजराबाईला बिनपगारी रजेवर बसवलं. दोन महिने झाले त्याला. आज मंजूर झाला तर दोघं उद्या कामावर. नाहीतर संस्थानाच्या हद्दीपलीकडं कुर्डुवाडीला हमालीला जायचं, असं यांनी ठरवून टाकलं होतं. मग पोरांना बाप कधी दिसणार, हे मी विचारलं नव्हतं.

सभेला गावानंही बोलायचं होतं. बाळाला कडेवर घेऊन मी कचेरीच्या ओट्यावर जाऊन बसले. मेंबर सात, निदान पाच हवेत. आले होते तीन.

"तास पाहिजेच कशाला?" अध्यक्ष कल्याणप्पा अडत्यांनी सुरुवात केली. "कोंबडा फुकट आरवतो."

"व्हय मालक," गजराबाई ओट्यावरून म्हणाली, "तुमचा कोंबडा दुपारचे तीन बी वाजवत आसंल. गटार काढतो का तेवढं इचारा."

ओटा हसला. कल्याणप्पा कारकुनावर घसरले, "बाकीचे मेंबर कुठं हायेत?"

"येतील, मालक. नऊला."

सगळ्यांनी भिंतीकडं बघितलं. घड्याळ सव्वाचारावर थांबलेलं. दोन महिने त्याला चावी नव्हती.

"मल्लिनाथ, चावी दे की रे!" कल्याणप्पा यांना म्हणाले.

हे जागचे हलले नाहीत. "रजेवरच्या मानसानं सरकारी चीजेला हात लावायचा न्हाय, मालक. हुकमावर तुमचीच सही हाय. आन् लावला हात, तर काटे कितीवर आणू?"

कल्याणप्पा आणि सोबतचे दोघं जेवायला निघून गेले. मग दोघं मेंबर आले, पूजा आटोपून. त्यांच्या हिशेबानं आत्ता नऊ. दिव्याचं रॉकेल कमी करा की दवाखान्याचं औषध, यावर ते तासभर भांडले आणि उठले. उन्हं कलल्यावर आणखी दोघं आले आणि 'सभा इतक्या लवकर कशी संपली' म्हणून कारकुनावरच तापले. दिवसभरात सातही मेंबर येऊन गेले. एका वेळी तिघांच्या वर कुणी नाही.

दिवेलागणीला कल्याणप्पा परत आले, तेव्हा मला राहवलं नाही. पदर सावरून उभी राहिले.

"मामा, आता कधी?"

"उद्या, पोरी. सकाळी नऊला. न चुकता."

"नऊ कुणाचे, मामा?"

ते छत्री शोधू लागले.

घरी आल्यावर यांनी धोतर आणि घोंगडं बांधायला घेतलं. मी पीठ मळायला घेतलं. बोलले असते तर ओरडलेच असते, आणि ज्यांच्यावर ओरडायचं होतं ते हे नव्हतेच.

"उद्या नऊपर्यंत वाट बघतो," हे म्हणाले. "मग निघतो."

भाकरी थापता थापता पळीला हात घातला, तर पळी जागेवर नाही. शिवगंगा पाळण्याखाली पोटाशी काहीतरी धरून बसली होती. जवळ गेले तशी तिनं पळी परकराखाली ढकलली.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, बापाला ऐकू जाऊ नये म्हणून, "उद्या कुणी नऊ वाजवलेच न्हाईत तर?"