बनुबाईचा मळवट

पंचेचाळीस साली लढाई संपली आणि हरिबा जर्मनांच्या कैदेतून सुटून कुंडलजवळच्या आपल्या गावी आला, तेव्हा बायको जाऊन दोन वर्षं उलटली होती. घरात म्हातारी आई तेवढी उरली होती, आणि ती उठता-बसता सुनेचं गुणगान गाई. बनूनं घास भरवला, बनूनं अंग धुतलं, पोटची लेक एवढं करायची नाही. ऐकताना हरिबाचा ऊर भरून यायचा. अविधवा नवमी तोंडावर आली होती. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. करायचं ते थाटात, असं ठरवून त्यानं सांगलीहून स्वतः हिरवं लुगडं आणलं.

पण जेवायला यायला कुणी तयार होईना. एकीला म्हणे ताप, दुसरीला माहेरचं बोलावणं. साऱ्या सवाष्णींना एकाच वेळी अडचण यायला गावात काय पटकी आली होती? हरिबानं शेजारच्या लीलाबाईला फैलावर घेतलं.

"खरं सांगू का भावजी?" ती पदर सावरत म्हणाली. "मरताना तिनं हात जोडलं आन म्हनली, माजा मळवट भरू नगा. सासूनं ऐकलं न्हाई, सवाष्णीवानी कपाळभर कुकवानं भरला. पर नवरा जित्ता असताना असं कोन म्हनंल? मनात काय तरी असल्याबिगार?"

"मनात काय?"

"मला काय ठावं! पर जोतीराम आन ती हिरीवर बोलताना म्या बघितलंय. तिनं कुकू पुसलं, आन घराकडं वळताना परत लावलं."

हरिबाचं टाळकंच फिरलं. जोतीराम त्याच्याच पलटणीतला, पाय जायबंदी होऊन आधी घरी आलेला. हरिबा परतल्यापासून तो एकदाही भेटायला आला नव्हता. समोर दिसला की गल्ली बदलायचा. आता सगळं जुळत होतं, आणि जुळलेलं हरिबाला सोसत नव्हतं. आई सुनेचं कौतुक करू लागली की त्याला वाटे, ही एवढी सेवा कशावर पांघरूण घालायला केली? लुगडं त्यानं फळीवर भिरकावलं. नवमी करायचीच नाही, असं मनाशी म्हणून पाहिलं. तेही जमेना.

शेवटी नवमीच्या आदल्या दिवशी, जोतीरामकडं जातो एवढंच आईला सांगून, त्यानं त्याला त्याच्या मळ्यात गाठलं.

"माज्या बायकूचं आन तुजं काय हुतं?"

जोतीराम मटकन बांधावर बसला. "मार मला गड्या. तुला म्याच मारला."

"नीट बोल."

"तोफांच्या माऱ्यात तू पडलास ते म्या बघितलं. कैद झालास ह्ये कुटं ठावं? हितं येऊन वैनीला सांगितलं, हरिबा गेला. वैनी म्हनली, आत्तीला कळू देऊ नगा, म्हातारी हाय खाऊन मरंल. तवापासनं घरात आत्तीम्होरं कुकू लावायची, मळ्यात पुसून रडायची. सोताला रांडमुंड समजत हुती रं ती, म्हून मळवट नगं म्हनली. ती गेली, आन मागनं तुजं कैदेतलं कार्ड आलं. कंच्या तोंडानं तुज्याकडं येऊ?"

हरिबाचा उगारलेला हात खाली आला. आपण काय काय मनात आणलं होतं, याची त्याला शिसारी आली.

घरी आई जोत्यावर बसली होती. "काय म्हनला जोतीराम?" तिनं विचारलं. बनूनं जे लपवलं ते आपणही लपवावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण मग गाव तिला तसंच समजत राहिलं असतं. त्यानं आईला सगळं सांगितलं. शेजारी लीलाबाई आपल्या दारात भांडी घासत होती; तिलाही ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगितलं. उद्या कुणी येवो न येवो, बनूचं पान मांडायचं, हेही सांगितलं.

म्हातारीनं भिंतीला डोकं टेकलं.

"येकटीच रडत हुतीस व्हय गं पोरी?" ती म्हणाली. "मला सांगायचं हुतंस. दोगी मिळून रडलो असतो की."