तांब्यातलं पिवळं पाणी

मित्रांनो, मी एक जुना कपडा आहे. नुसता कपडा म्हटल्यावर तुम्ही पान उलटाल, म्हणून आधीच सांगतो, मी भांडी पुसायचा किंवा फरशी पुसायचा कपडा नव्हे. मी पाणी गाळायचा कपडा आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका जैन घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ एका खिळ्यावर मी लटकतो आहे. माझ्या मधोमध पिवळा डाग आहे. तो कसा पडला, हे सांगण्यासाठीच आज मी तोंड उघडलं आहे.

माझा जन्म इचलकरंजीतल्या एका मागावर झाला. जाड सूत, घट्ट वीण, किनार नाही, नक्षी नाही. दुकानात माझ्या शेजारी साड्यांच्या थप्प्या होत्या आणि त्या माझ्याकडे बघून नाक मुरडत. एके दिवशी अक्काताई आल्या. त्यांनी मला उजेडासमोर धरलं आणि म्हणाल्या, "हाच द्या. यातनं सूर्य दिसाय नको." साड्या नुसत्या बघत राहिल्या.

अक्काताईंच्या घरामागे एक आड आहे. त्यांचे पती धनपाल, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी नवी इमारत बांधली तेव्हा कंत्राटदार तो आड बुजवायला निघाला होता. अक्काताई काठावर जाऊन बसल्या आणि उठायलाच तयार होईनात. आड वाचला. रोज सकाळी त्या आडातून पाणी काढत, माझी दुहेरी घडी घागरीच्या तोंडावर बसवत आणि वरून हळूहळू पाणी ओतत. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते आपल्यामुळे मरू नयेत म्हणून ही खटपट.

पण खरं काम त्यानंतर असे. मला उलटं करायचं, गाळलेल्या पाण्यानं धुवायचं आणि ते धुवण तांब्यात धरून पुन्हा आडात अलगद सोडायचं. या धुवणाला जिवाणी म्हणतात. जो जीव ज्या पाण्यातला, तो त्याच पाण्यात परत गेला पाहिजे. मोरीत ओतून दिला तर त्याला वाचवलं असं कसं म्हणायचं?

मला या कामाचा फार अभिमान होता. पर्युषणाच्या सणात पाहुणे येत आणि म्हणत, "पाणी प्यावं तर अक्काताईंच्या घरी." अण्णांचंही नाव मोठं होतं. सूर्य मावळल्यावर ते अन्नाचा कण तोंडात घालत नसत. उंबऱ्यात मुंग्यांची रांग दिसली, तर ती जाईपर्यंत चप्पल हातात धरून उभे राहत. शिरोली एमआयडीसीत त्यांचा नट-बोल्टांना मुलामा चढवायचा कारखाना होता. तिथल्या रस्त्यावर त्यांनी वडिलांच्या नावानं पाणपोई घातली होती आणि फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'गाळलेले शुद्ध पाणी'. तिथल्या रांजणावरचा कपडा माझ्याच ताग्यातला, माझा सख्खा भाऊ.

घरी धुणंभांडी करायला तानूबाई येत. त्या कारखान्याच्या मागच्या चाळीत राहत आणि केएमटीच्या बसने पेठेत येत. घरातले सगळे कपडे त्या धूत, पण मला त्यांनी कधी हात लावला नव्हता. पाण्याचा कपडा घरच्यांनीच धुवायचा, अशी या घरात पद्धत होती. अण्णांच्या शर्टांच्या बाह्यांवर कारखान्यातल्या पाण्याचे पिवळे डाग पडलेले असत. अक्काताई ते शर्ट बाजूला काढून देत आणि म्हणत, "एवढं निराळं भिजव गं." त्यापुढे कधी काही बोलणं होत नसे.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तानूबाई पिशवीतून प्लॅस्टिकची बाटली घेऊन आल्या.

"आक्का, आमच्या चाळीतल्या बोअरचं पाणी हाय हे. बघा की कसलं पिवळं आलंय. प्रीतीच्या तोंडात फोड आल्यात, पोटात काय ठरंना झालंय. तुमच्या त्या कपड्यातनं गाळून बघूया काय?"

प्रीती ही त्यांची नात. अजून शाळेतही जायला लागली नव्हती.

अक्काताईंनी माझी चौपदरी घडी केली आणि बाटली ओतली. मित्रांनो, मी जीव तोडून अडवलं. काडी धरली, माती धरली. पण खाली भांड्यात उतरलेलं पाणी होतं तितकंच पिवळं होतं. अक्काताईंनी तेच पाणी पुन्हा ओतलं, पुन्हा तसंच उतरलं. पाण्यात जे तरंगतं ते मला अडवता येतं. जे विरघळून पाण्यात मिसळून गेलं, त्याच्यापुढे माझं काही चालत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला स्वतःची लाज वाटली.

अक्काताईंनी मला उलगडलं. माझ्यावर डाग उमटला होता. तसा डाग त्या कितीतरी वर्षं शर्टांवर बघत आल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

"हे नको देऊस पोरीला," त्या म्हणाल्या. "आमच्या आडाचं घागरभर नेत जा."

"नेईन की. पर एका घागरीत काय हुतंय आक्का? सगळी चाळ त्येच पितीया."

अक्काताई घागर आणायला वळल्या. तानूबाई थोडा वेळ थांबल्या आणि मग भांडी घासायला बसल्या.

सवयीनं अक्काताईंनी मला उलटं केलं, धुतलं, धुवण तांब्यात धरलं आणि आडाकडे गेल्या. काठावर त्यांचा हात थांबला. हे पाणी या आडातलं नव्हतं. मोरीपाशी गेल्या, तिथेही ओतवेना. शेवटी तांब्यावर झाकण ठेवून त्यांनी तो माझ्याखालच्या कट्ट्यावर ठेवला.

अक्काताई रोज संध्याकाळी सामायिकाला बसत. म्हणजे डोळे मिटून, दिवसभरात आपलं काय चुकलं ते स्वतःशी तपासायचं. त्या दिवशी त्या बसल्या आणि लगेच उठल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी अण्णा ऊन असतानाच जेवायला आले, तेव्हा त्यांनी ताट वाढलं आणि विचारलं, "कारखान्यातलं पाणी कुठं जातंय?"

"टँकरनं नेत्यात की."

"सगळं?"

अण्णांचा घास हातातच राहिला. "थोडं मागच्या कोरड्या बोअरमधी सोडतोय. टँकर परवडंना झालाय. सगळीच सोडत्यात. जमिनीत मुरतंय, कुणाला दिसतंय?"

"प्रीतीच्या तोंडात दिसतंय."

"ते आमचंच कशावरनं?"

अक्काताईंनी मला खिळ्यावरून काढलं, अण्णांचा शर्ट आणला आणि दोन्ही त्यांच्यासमोर पसरलं. मग त्या शांतपणे बोलू लागल्या.

"आपण पाणी गाळतोय कशासाठी? डोळ्याला न दिसणारा जीव मरू नये म्हणून. मग डोळ्यांदेखत खेळणारी पोरगी आपल्याला कशी दिसली न्हाय? आणि मी तुम्हांस्नी एकट्याला बोलत न्हाय. शर्ट मीच निराळं काढत हुते. डाग कसला, म्हणून कधी इचारलं न्हाय. कळलं असतं तर बोलावं लागलं असतं, म्हणून कळूनच घेतलं न्हाय."

अण्णा ताटावरून उठले. त्यानंतर बरेच दिवस तसेच गेले. मी खिळ्यावरून सगळं बघत होतो. अण्णा पाणी प्यायला येत, तांब्याकडे बघत आणि तोंड फिरवून जात. तानूबाई रोज येत, घागर भरून नेत. अक्काताई रोज काहीतरी सांगायला तोंड उघडत आणि भाजीचंच काहीतरी विचारत. तिकडे चाळीत माणसं तेच पाणी पीत होती. हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं.

मग एका संध्याकाळी अण्णा जरा हलक्या मनानं घरी आले.

"कारखान्यातल्या बोअरचं तोंड सिमेंट घालून बुजवलं," ते म्हणाले. "आता टँकरच. आणि चाळीत पाणपोई घालतोय. मशीननं शुद्ध केलेलं पाणी, फुकट. वडिलांच्याच नावानं."

अक्काताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

"आणि चाळीत बोअरचं पिऊ नका म्हणून सांगितलंसा?"

"ते कशाला? पाणपोई झाली की आपोआप बंद हुतंय. सांगितलं तर कारखान्याला टाळं लागंल. कामावरची माणसं कुठं जातील? उद्या पोलीस दारात आलं, तर मंदिरात तोंड कसं दाखवायचं?"

"आणि पाणपोई हुईपर्यंत ती काय पिणार? म्हंजे पाणी आपणच नासवायचं आणि पुण्य बी आपणच घ्यायचं. फलक नको. तोंडानं सांगा." अक्काताईंनी तांब्या उचलून त्यांच्यासमोर ठेवला. "ही जिवाणी कवापासनं इथं बसलीया. मला ती आडात सोडता येत न्हाय, मोरीत ओतवत न्हाय. जिथली हाय तिथं तुम्ही सोडून या. आणि तिथं पाण्याला जी उभी असतील त्यांस्नी सांगून या."

अण्णांनी तांब्याला हात लावला नाही. त्या दिवशी त्यांच्या जेवणाची वेळ टळून गेली आणि सूर्य मावळला.

सकाळी तानूबाई आल्या तेव्हा अण्णा दारातच उभे होते. त्यांच्या हातात तांब्या होता.

"तानूबाई, मी येतो तुमच्यासंगं चाळीत." त्यांनी तांब्या पुढे धरला. "ते पाणी आमच्या कारखान्यानं नासलंय. कुणी पिऊ नका. सगळ्यांस्नी सांगायचं हाय मला."

तानूबाईंनी पिशवी खाली ठेवली. "मला ठाऊक हाय अण्णा. तुमचे शर्ट मीच धुतीय की."

"मग बोलली का न्हाईस?" अक्काताईंनी विचारलं.

"बाटली आणून दिली की आक्का. तुम्ही काय बोलताय, वाट बघत हुते." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आणि चाळीत सांगितलं मी, घराघरांत जाऊन सांगितलं. कुणाला पटलं न्हाय. उलट मलाच म्हणाली, पाणपोई घातलेला माणूस असं करंल व्हय?"

अण्णांनी पायांत चपला सरकवल्या. तांब्या सांभाळत ते तानूबाईंच्या मागोमाग चालू लागले.

मित्रांनो, मी त्यांच्याबरोबर गेलो नाही, खिळ्यावरच होतो. पण संध्याकाळी ते परत आले तेव्हा तांब्या तसाच भरलेला होता. अक्काताईंना सांगताना मी ऐकलं, त्यांनी चाळीतल्या बोअरपाशी उभं राहून सगळं कबूल केलं होतं. माणसं चिडली, शिव्या दिल्या, त्या त्यांनी ऐकून घेतल्या. मग तांब्या पुढे केला, तर बायकांनी ओतू दिला नाही. "आणखी कशाला वततायसा? हाय तेवढं बास न्हवं?" असं म्हणाल्या. त्यांचं काय चुकलं?

आता कारखान्याला टाळं आहे, चौकशी चालू आहे. कामावरची माणसं दुसरीकडे काम शोधत फिरतात. चाळीत टँकर येतो, त्यावर कुणाचं नाव नाही. प्रीतीचं तोंड बरं झालं, शेजारची दोन मुलं अजून दवाखान्यात जातात. जमिनीतलं पाणी कधी नितळ होईल हे कुणालाच सांगता येत नाही. अण्णांच्या जुन्या ओळखीतले बरेच जण घरी यायचे थांबले. रस्त्यावरच्या पाणपोईचा फलक अण्णांनी स्वतः उतरवला, पण रांजण भरायचं सोडलं नाही.

माझ्या जागी आता नवा कपडा आला आहे. मला फेकून द्यायला अक्काताई तयार नाहीत. परवा मला धुवायला त्यांनी तानूबाईंच्या हातात दिलं. तानूबाईंनी पुष्कळ चोळलं, डाग काही गेला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या कपड्यावर सगळा भरवसा टाकू नका. पाणी जरूर गाळा, पण आपल्या घरातून जे बाहेर जातं ते कुठे जातं, हेही विचारा. उत्तर नकोसं वाटलं तरी विचारा, आणि ऐकलंत की लवकर बोला. या घरातले सगळे बोलले, पण उशिरा बोलले. तो तांब्या अजून माझ्याखाली कट्ट्यावर आहे. अण्णा रोज त्याचं झाकण काढून बघतात आणि पुन्हा ठेवतात. त्यातलं पाणी कुठे सोडायचं, ते अजून त्यांना सापडलेलं नाही.