टपाल तिकिटाला उणे आठ

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या एमएच्या वर्गात रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेली ती एकटीच, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिचं नाव 'टेस्ट ट्यूब' पडलं. दोन महिन्यांत त्याचं नुसतं 'ट्यूब' झालं. तिनेही मनातल्या मनात फिट्टंफाट करून टाकली होती. विभागप्रमुख सर म्हणजे 'महासत्ता', कारण ते कुठल्याही खोलीत शिरले की आधी तिथे बसलेल्याला उठवत. आणि सहा वर्षं त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारा, भर उन्हाळ्यात कोट घालून हिंडणारा, तो 'राजदूत'.

"रसायन सोडून भांडणं शिकायला चाललीस?" पोस्टाच्या काउंटरवर बसणारा तिचा मामा म्हणाला होता. "मला आणि तुझ्या आईला सांगायचंस. घरबसल्या शिकवली असती."

तिला मात्र खरोखर जाणून घ्यायचं होतं की दोन शेजारी देशांचं कधी बिनसतं, कशाने बिनसतं आणि ते आधी मोजता येतं का. विभागात मोजमापाचं एकच यंत्र होतं, सरांचा 'तणाव निर्देशांक'. पद्धत अशी: दोन देशांमधली रोजची प्रत्येक बातमी वाचायची आणि तिला उणे दहा ते अधिक दहा यांमधला आकडा द्यायचा. धमकीला उणे, हस्तांदोलनाला अधिक. हे काम दोघांनी एकमेकांचं न बघता वेगवेगळं करायचं. दोघांचे आकडे जवळजवळ आले, तर मोजमाप भरवशाचं. पहिली वाचक ती, दुसरा राजदूत.

परदेशातल्या एका संशोधन केंद्रातली जागा तिच्या मनात भरली होती. अर्ज तयार होता, अडलं होतं फक्त शिफारसपत्रावर. ते सर देणार होते. "निर्देशांकाचं काम संपव, पत्र तयारच आहे," असं ते सहा महिने म्हणत होते.

काम करता करता तिच्या डोक्यात एक किडा शिरला. चारशे बातम्या झाल्या, पण तिच्या आणि राजदूताच्या आकड्यांत एकाहून जास्त फरक कधीच नाही. लॅबमध्ये एकाच बाटलीतलं द्रावण तिघांनी मोजलं तरी कुणा एकाचा आकडा वाहवत जातो. इथे तर माणसं बातम्या वाचत होती. इतकी जुळणारी माणसं तिने सख्ख्या बहिणींतही पाहिली नव्हती.

मग तिने प्रयोग केला. नदीच्या अल्याडपल्याडच्या दोन देशांच्या फाइलमध्ये तीन आकडे मुद्दाम चुकीचे टाकले. दोन्ही देशांनी मिळून पक्ष्याचं चित्र असलेलं टपाल तिकीट काढलं होतं, त्याला उणे आठ. मिळून पूल रंगवला होता, त्याला उणे सहा. सीमेवर गोळीबार होऊन दोन सैनिक मेले होते, त्याला अधिक सहा. तिन्ही नोंदी एका कागदावर लिहिल्या, पाकिटात घातल्या आणि मामाकडून तारखेचा शिक्का मारून घेतला.

"स्वतःलाच पत्र?" मामाने विचारलं. "दुसरं कुणी मिळालं नाही?"

आठवड्याने राजदूताची फाइल आली. तिकीट उणे सात, पूल उणे सात, गोळीबार अधिक पाच. डोळे मिटून आकडे ठोकले असते तरी तिन्ही वेळा इतकं जवळ बसण्याची शक्यता तीनशे त्रेचाळीसांत एक. बातमी वाचणाऱ्याच्या बाबतीत तर तेवढीही नाही. गडी तिच्याच फाइलमधले आकडे एकाने खाली-वर करून उतरवत होता.

ती त्याच दिवशी सांगू शकली असती. पण अकरा दिवसांवर सेमिनार होता आणि तिला तमाशा बघायचा होता. हे तिने पुढे स्वतःशी कबूल केलं, जरा उशिराच.

सेमिनारला मंत्रालयातून एक अधिकारी बाई आल्या होत्या. सरांनी पडद्यावर आलेख लावला. रेष बरी चालली होती आणि मध्येच खड्ड्यात कोसळली होती.

"इथे बघा," सर काठी टेकवत म्हणाले. "वरवर पाहता एक निष्पाप टपाल तिकीट. पण हा पक्षी घरटं कुठे करतो? नदीच्या एकाच काठावर! म्हणजे तिकिटातून दुसऱ्या काठावर मूक दावा सांगितला गेला. मी याला प्रतीकात्मक घुसखोरी म्हणतो."

सभागृहात पेनं खसखसली. पुढच्या रांगेतल्या एकाने तर 'वा' म्हटलं. गोळीबाराने संबंध सुधारले, कारण साचलेला राग मोकळा झाला, हेही सरांनी तितक्याच गोडीने समजावलं आणि लोकांनी तेही उतरवून घेतलं. आणि ट्यूबने खाली पाहिलं, तर तिच्याही वहीत 'प्रतीकात्मक घुसखोरी' लिहिलेलं, वर अधोरेखित. स्वतःच्या हाताने पेरलेल्या चुकीचं स्पष्टीकरण तिला अर्धं मिनिट पटलं होतं! तिला त्या सगळ्या मुंडक्यांची किळस आली, त्यात स्वतःचंही आलं.

ती उठली. "सर, तो पक्षी एकाच काठावर घरटं करतो, हे कुठून कळलं?"

"हे सर्वज्ञात आहे."

"विचारते, कारण ते उणे आठ मी मुद्दाम टाकलं होतं. पूल आणि गोळीबारही." तिने सर्वांसमोर पाकीट फाडलं, शिक्क्याची तारीख वाचली, मग तिन्ही नोंदी वाचल्या. "आणि दुसऱ्या वाचकाला त्याच तिन्ही ठिकाणी तेच दिसलं."

राजदूताचा चेहरा त्याच्या कोटासारखा राखाडी झाला. सर मात्र क्षणभरही अडखळले नाहीत. "उत्तम! वर्गातल्या मुलांनी अशीच टीकात्मक नजर ठेवावी," म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. अधिकारी बाई शेजारणीला म्हणाल्या, "आकडा चुकला असेल, पण मुद्दा पटण्यासारखा होता हो."

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एक शिफारसपत्र, सही केलेलं, त्यात तिच्या 'दुर्मिळ निरीक्षणशक्ती'ची दीड पान स्तुती. दुसऱ्यावर एकच वाक्य: तीन नोंदी माझ्या टायपिंगच्या चुका होत्या.

"इथे सही कर, ते घेऊन जा," सर म्हणाले. "दोन वर्षं वाटाघाटी शिकलीस ना? या त्याच."

"आणि त्याचे आकडे? त्याच तीन ठिकाणी त्याचंही बोट घसरलं?"

"त्याचं मी बघतो. तू तुझं बघ."

ती विचार करायला वेळ मागून बाहेर आली. व्हरांड्यात राजदूत उभा होता. पहिल्यांदाच कोटाशिवाय.

"हस मला," तो म्हणाला. "पण पहिल्या वर्षी मीसुद्धा वाचून आकडे देत होतो, ट्यूब. निम्मेही जुळत नव्हते. सर म्हणाले, तुझी नजर तयार नाही, आधीच्या वाचकाचं बघून शिक. तेव्हापासून शिकतोय."

"सहा वर्षं?"

"पीएचडी संपत नाही गं. कुठे जाऊ?"

तिला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. पण त्या दोन कागदांपैकी एकावर सही केली, तर हा कोट आपल्याला किती वर्षांनी नीट बसेल याचा हिशोब मात्र तिने केला. ती परत आत गेली, पेनाचं टोपण न काढताच दोन्ही कागद सरांकडे सरकवले.

"मूर्खपणा करतेयस," सर म्हणाले. "माझ्या पत्राशिवाय तुझा अर्ज उघडणारसुद्धा नाहीत."

"शक्य आहे," ती म्हणाली.

पत्र तिने जुन्या कॉलेजातल्या लॅबच्या मॅडमकडून आणलं. दोनच वाक्यं होती. 'ही जो आकडा वाचते तोच लिहिते. काचेची भांडी स्वतः धुते.'

मामाने पाकीट हातात तोलून पाहिलं. "एवढंसंच? राजकारणाच्या मोठ्या साहेबांनी हेच लिहिलं?"

"त्यांनी दीड पान लिहिलं होतं. मी नाही घेतलं."

मामाने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं. तिकिटांचा ताव उलगडला. "कसल्याशा पक्ष्याचं उरलंय. चालेल?"

"घरटं कुठे करतो हा पक्षी, मामा?"

"मला काय माहीत?" मामा तिकीट ओलं करत म्हणाला. "मी तिकिटं विकतो."

सबंध दोन वर्षांत 'मला माहीत नाही' असं म्हणणारा पहिला माणूस तिला काउंटरच्या जाळीमागे भेटला होता. तिने पाकीट त्याच्या हातून घेतलं, पत्ता पुन्हा एकदा तपासला आणि पेटीत टाकलं.